प्रीसीझन अपडेट, आणि शनिवारी पोरांना पिक्चर कुठला दाखवू?

जिमखाना_सर:

नमस्कार मंडळी. मागच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की यंदा आमच्या कॉलेजची ॲथलेटिक्सची टीम कशी आहे, म्हणून आधी प्रीसीझनचं, म्हणजे स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच्या तयारीचं, अपडेट देतो आणि मग माझा प्रश्न. ज्यांना नुसत्या पिक्चरमध्ये इंटरेस्ट आहे त्यांनी सरळ खाली उतरा, चालेल.

तर कॉलेज सुरू झालं, एफवायची पोरं आली, ट्रायल उरकली. ग्राउंड म्हणजे सध्या नुसता राडा. आपलं ग्राउंड मातीचं, वरून हा पाऊस, सकाळी फक्कीने लेन आखली की दुपारपर्यंत वाहून गेलेली असते, म्हणून आखणंच बंद केलंय. लांब पल्ल्याची पोरं टेकडीवर. आठवड्यातून एकदा हनुमान टेकडीच्या चढावर छोटे छोटे रिपीट, वर जाताना जोर आणि उतरताना चालत, आणि रविवारी वेताळ टेकडीवर लाँग रन, तोही शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच स्पीडने. बोलता येत नसेल तर तू जास्त जोरात पळतोयस, एवढं सोपं माप आहे, त्याला घड्याळ लागत नाही की ॲप. पण पोरांना जोरात पळ म्हणून सांगणं सोपं असतं हो, हळू पळ म्हणून सांगितलं की त्यांना अपमान वाटतो. एक जण पुढे सटकला की सगळी कळपाने त्याच्यामागे, आणि मंगळवारी येऊन सांगणार सर नडगी दुखतीय.

स्प्रिंटवाल्यांचे स्टार्टला पाय टेकवायचे ब्लॉक अजून जिमखान्याच्या खोलीतच आहेत. पार्किंगच्या शेडखाली ए-स्किप, बी-स्किप (गुडघे उचलत उड्या मारत जायचे ड्रिल), मेडिसिन बॉल, एवढंच चाललंय. स्पाइक्स, म्हणजे तळाला पिना असलेले बूट, ऑगस्टअखेरपर्यंत बंद असं मी जाहीर केलंय आणि त्यावरून नाराजी आहे, कारण उन्हाळाभर चपला घालून हिंडलेली पोटरी एकदम स्पाइक्सवर आणली की ती ओढली जाणारच. शिवाय नवीन पोरं बारा एमएमच्या पिना लावून येतात, सिंथेटिक ट्रॅकवर सहाच्याच चालतात, तिथला माणूस गेटवरच बूट उलटे करून बघतो. सप्टेंबरपासून सणसच्या नाहीतर बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर आठवड्यातून एकदा तरी न्यायचा विचार आहे, बसच्या पैशांचा अर्ज ऑफिसमध्ये टेबलं फिरतोय.

रिले मात्र जोरात आहे. पाऊस पडायला लागला की पहिल्या मजल्यावरच्या लांब कॉरिडॉरमध्ये चौघांना ओळीने उभं करायचं, जॉग करत बॅटन मागून पुढे, हाक आली की हात मागे, वळून बघायचं नाही. पोरी यात पोरांपेक्षा कितीतरी सरस आहेत, पोरं हमखास वळून बघतात. वरच्या डिपार्टमेंटनं आवाजाची तक्रार केलीये, ती मी फाइलला लावली.

आणि हो, ढोल पथक. गणपती जवळ आले की संध्याकाळी पाचला माझे अर्धे स्प्रिंटर नदीपात्रात ढोलाच्या सरावाला. मी पण पुण्याचाच आहे, मला कळतं, पण कमरेला ढोल बांधून दोन-अडीच तास उभं राहायचं आणि सकाळी येऊन हर्डल मारायची म्हणजे कंबर काय म्हणेल? त्यावर कुणाकडे उपाय असेल तर तोही सांगा.

आता प्रश्न. शनिवारी संध्याकाळी सेमिनार हॉल मिळतोय, प्रोजेक्टर आहे. म्हटलं सीझनच्या आधी तीन-चार शनिवार टीमला एकत्र बसवून पळण्याबद्दलचे पिक्चर दाखवावेत, नवीन-जुनी पोरं मिसळतील तरी. पण माझी एक अट आहे. बहुतेक स्पोर्ट्स पिक्चरमध्ये सगळी प्रॅक्टिस एका गाण्यात उरकतात. गाणं सुरू होताना पोरगा धापा टाकतोय, गाणं संपताना रेकॉर्ड मोडतोय. माझं सगळं आयुष्य त्या गाण्यात गेलंय ना! जुलै ते नोव्हेंबर आम्ही जे करतो ते पडद्यावर तीन मिनिटांत संपतं, आणि मग पोरांना वाटतं खरंच तेवढंच असतं. तर असा पिक्चर सांगा ज्यात प्रॅक्टिस प्रॅक्टिससारखी दिसते, किंवा निदान कोच नुसता शिट्टी फुंकत ओरडत नाही.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता म्हणजे चॅरियट्स ऑफ फायर, 1981 चा, 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकवरचा. लोकांना त्यातलं समुद्रकिनाऱ्यावरचं पळणं आणि ते संगीत आठवतं, मला मुसाबिनी आठवतो. हॅरल्ड अब्राहम्सचा कोच. एक तर तो टेबलावर नाणी मांडून दाखवतो की तुझी ढांग गरजेपेक्षा लांब पडतेय, हे मी अजून कॅन्टीनच्या टेबलावर दोन-दोन रुपयांची नाणी मांडून दाखवतो, आणि पोरांना लगेच कळतं. आणि दुसरं म्हणजे तो पैसे घेऊन शिकवणारा म्हणून त्या काळात त्याला स्टेडियममध्ये जागा नाही, तो हॉटेलच्या खोलीत बसलेला असतो, खिडकीतून झेंडा वर जाताना दिसतो तेव्हा त्याला कळतं आपला पोरगा जिंकला, आणि तो आपल्याच हॅटमध्ये ठोसा मारतो. बास. कोचवर याहून चांगला सीन मी बघितलेला नाही. पण एफवायची पोरं तो पिक्चर बघताना झोपतील अशी भीती वाटते.


वेताळ_टेकडी_रोज:

सर यात विचार काय करायचा, भाग मिल्खा भाग लावा. पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःहून टेकडीवर येतील.


जिमखाना_सर:

येतील हो, आणि पिक्चरमधल्या मिल्खासारखं कमरेला टायर बांधून द्या म्हणतील, हा अनुभव आहे. मला तो पिक्चर आवडतो, खोटं कशाला बोलू, पण मी ज्या गाण्याबद्दल बोलतोय ते गाणं त्यातच आहे.


आठवी_लेन:

सर मी तुमच्या नाही पण पुण्यातल्याच एका कॉलेजकडून 400 पळायचो, आता हिंजवडीत खुर्चीवर पळतो. मिल्खाबद्दल थोडं भांडायचंय. जुलै 2013 आठवतोय का, बालेवाडीत एशियन ॲथलेटिक्स झाली, विकास गौडानं थाळीफेकीत गोल्ड मारलं, आणि त्याच महिन्यात हा पिक्चर आला. आमची अख्खी बॅच त्या महिन्यात वेडी झाली होती, आधी स्टेडियममध्ये आणि मग थिएटरमध्ये. त्यामुळे गाणं असो नाहीतर टायर असो, त्या वयात कुणीतरी डोक्यात किडा सोडावा लागतो, तो त्या पिक्चरनं सोडला. रोम ऑलिम्पिकला 1960 साली 400 मीटरमध्ये मिल्खा चौथा आला, तिसऱ्याच्या आणि त्याच्यामध्ये त्यावेळच्या घड्याळाप्रमाणे फक्त एक दशांश सेकंद होता, आणि तो 45.73 चा नॅशनल रेकॉर्ड 1998 पर्यंत टिकला. म्हणजे हरलेल्या रेसवर एवढा मोठा पिक्चर निघू शकतो हे पोरांना कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण तुमच्या अटीत बसणारा म्हणाल तर पानसिंग तोमर, 2012 चा. इरफान. तो स्पोर्ट्समध्ये कशासाठी जातो, तर आर्मीत खेळाडूंच्या जेवणावर रेशनची मर्यादा नसते म्हणून! हे इतकं खरं आहे ना. आमच्या हॉस्टेलवरची निम्मी पोरं कॅम्पमध्ये जेवण चांगलं मिळतं म्हणून टीममध्ये होती, नाव कशाला घ्यायचं. शिवाय स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची 3000 मीटरची रेस, काय असते हे सांगायला यापेक्षा बरा पिक्चर नाही, 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यात उडी हे नुसतं तोंडानं सांगून पोरांना पटत नाही. दुसरा अर्धा भाग बंदुकांचा आहे, तिथे इंटरव्हल करून चहा द्या आणि घरी पाठवा. नाहीतर नका पाठवू, कारण देशासाठी पळलेल्या माणसाचं पुढे काय झालं हेही बघू दे की.


लॉ_कॉलेज_रोडवाला:

मी पिक्चरवाला माणूस, पळण्यातलं ओ की ठो कळत नाही, बस पकडायला सुद्धा पळत नाही. पण सर तुमची अट वाचून एकच नाव डोक्यात आलं. टोकियो ऑलिम्पियाड, कोन इचिकावा, 1965. 1964 च्या ऑलिम्पिकची डॉक्युमेंटरी. आपल्याकडे फिल्म आर्काइव्हच्या आसपास वाढलेल्या लोकांना असली नावं घ्यायची खोड असते, माफ करा, पण ऐका.

त्यात कोण जिंकलं याच्यात दिग्दर्शकाला फारसा रस नाहीये. चाडचा एक 800 मीटरवाला आहे, देश नुकताच 1960 मध्ये स्वतंत्र झालेला, तो बिचारा एवढ्या मोठ्या खेळाडूंच्या गावात एकटा हिंडतोय, एकटाच बसून जेवतोय, आणि फायनलला न पोचता परत जातो. इचिकावानं त्याला वेळ दिलाय. मग शेवटी मॅरेथॉन आणि इथिओपियाचा अबेबे बिकिला. रोमला अनवाणी जिंकला होता ना तोच, इथे बूट घालून, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन जेमतेम काही आठवडे झालेले, आणि 2 तास 12 मिनिटांत येतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबतो की बघणाऱ्यालाच धाप लागते, चेहऱ्यावर मात्र काही नाही, ना आनंद ना त्रास. पोचल्यावर गवतावर जाऊन व्यायाम करतो! बाकीचे पोचले की कोसळतायत, स्ट्रेचर येतायत, पाय सोलवटलेत.

अडचण एवढीच की पिक्चर पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि पोरं मारतील तुम्हाला. म्हणून पूर्ण दाखवू नका, चाडवाला तुकडा आणि मॅरेथॉन एवढंच दाखवा, एक तास पुरे. पिक्चर कापून दाखवा असं मी सांगतोय हे आमच्या ग्रुपमध्ये कळता कामा नये.


नगरी_कोच:

सर नमस्कार. आम्ही नगरकडचे, झोनच्या स्पर्धेला भेटतोच आपण. आमच्याकडे सिंथेटिक वगैरे काही नाही, पोरं डांबरी रस्त्याच्या कडेनं पळतात, पाऊस असला तरी आणि नसला तरी, ट्रायलला निम्मी अनवाणी येतात. त्यामुळे तुमच्या चिखलाचं दुःख वाचून थोडं हसू आलं, राग मानू नका.

मी मागच्या वर्षी मॅकफार्लंड यूएसए दाखवला होता, 2015 चा, केव्हिन कॉस्नर. शेतमजुरांची पोरं, पहाटे शेतात काम करून शाळेत येणार, शाळा सुटली की परत शेतात, आणि त्यांच्यातून हा माणूस क्रॉसकंट्रीची टीम उभी करतो. 1987 ची खरी गोष्ट आहे. गावात टेकडी नाही म्हणून ताडपत्री झाकलेल्या बदामाच्या ढिगांवर चढ-उतार करवून घेतो. माझी पोरं इंग्रजी ऐकून सुरुवातीला चुळबुळ करत होती, पण कोच स्वतः पोरांबरोबर शेतात भाजी तोडायला जातो आणि त्याची कंबर धरते, तिथे जी हसली, मग कुणी उठलं नाही. कांदे काढून आलेली पोरं ती, त्यांना सबटायटल कशाला लागतंय. आणि क्रॉसकंट्रीत पहिल्या पाच जणांचे नंबर मिळवतात, बेरीज कमी ती टीम जिंकते, म्हणजे पाचव्या पोराचं महत्त्व पहिल्याइतकंच, हे मी बोंबलून सांगायचो, पिक्चर बघितल्यावर सांगावं लागलं नाही.

दुसरं सुचवतो ते पिक्चर नाहीच. अविनाश साबळेची बर्मिंगहॅमची स्टीपलचेसची रेस लावा, 2022 कॉमनवेल्थ. 1998 पासून तिथली स्टीपलचेसची तिन्ही मेडलं दर वेळी केनियाची, आणि आपला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा 8:11.20 मध्ये दुसरा, गोल्ड पाच शतांश सेकंदांनी हुकलं. सव्वाआठ मिनिटांत खेळ खल्लास. गाणं नाही, स्लो मोशन नाही, फ्लॅशबॅक नाही. माझ्या पोरांना शेवटचा लॅप तोंडपाठ आहे. नंतर पॅरिस डायमंड लीगला 2024 मध्ये 8:09.91 पर्यंत गेला तो. आणि ललिता बाबरची रिओ ऑलिम्पिकची स्टीपलचेसची हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, पण लावा पोरींसाठी, 9:19.76, ती तर माण तालुक्यातली, दुष्काळी भागातली.


धावणारीची_आई:

माझी मुलगी यंदा एफवायला आहे आणि 5000 पळते, तुमच्या कॉलेजात नाही. पिक्चरचं सांगते, पण आधी एक विचारायचंय. तिला महिनाभर खूप थकवा येतोय, सकाळी उठवत नाही. तिच्या जिममधला मुलगा म्हणतो ही पावडर घे, ती पावडर घे. तुमच्याकडे मुलींचं काय करता?

पिक्चर म्हणाल तर आपल्या मराठीतला लता भगवान करे. बारामतीच्या लताबाई, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून धावल्या आणि जिंकल्या. 2020 च्या पिक्चरमध्ये त्यांनी स्वतःच स्वतःचं काम केलंय, राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेखही झाला. मी आणि मुलीनं मिळून बघितला, मी रडले, ती म्हणाली आई त्यांचा पाय किती छान पडतो बघ. ही आजकालची मुलं.


जिमखाना_सर:

ताई, पावडर आधी बंद. मी कुठल्याही पोराला जिमवाल्याच्या सांगण्यावरून काही घेऊ देत नाही, डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं सारखं असेलच असं नाही, आणि मोठ्या स्पर्धांना नाडाची, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, माणसं सॅम्पल घ्यायला येतात तेव्हा जिमवाला येत नाही उत्तर द्यायला, पोरगी अडकते. आमच्याकडे प्रीसीझनला सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघून घ्यायला सांगतो. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि साठ्यातलं लोह मात्र तळाला गेलेलं असतं, असं लांब पळणाऱ्या मुलींमध्ये बरंच दिसतं, पाळीमुळे आणि जेवण कमी पडल्यामुळे. पण गोळी घ्यायची का आणि किती हे डॉक्टर ठरवणार, कोच नाही. तिच्या पाळीची तारीख नियमित आहे का हेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. आणि सकाळी उपाशीपोटी पळत असेल तर आधी एखादं केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू द्या, आल्यावर पोटभर नाश्ता. कॉलेज गाठायच्या घाईत अर्धी पोरं चहा-बिस्किटावर दुपारपर्यंत राहतात हे मी रोज बघतो.

लताबाईंचा पिक्चर नक्की घेतो. आणि तुमच्या मुलीला सांगा, पाय कसा पडतो ते बघणारी पोरगी कोचला फार आवडते.


ताशा_आणि_तिहेरी_उडी:

सर मी दुसऱ्या कॉलेजची आहे पण पथकातली आहे म्हणून बोलते. ढोलवाल्यांना बाहेर काढू नका, सीनियरला सांगून बदली करून घेता येते. ॲथलीट पोरांना ताशाला नाहीतर ध्वजाला टाका, कमरेवर वजन नाही. आमच्या सरांनी हेच केलं, पथकप्रमुखांशी फोनवर बोलले आणि आठवड्यातले दोन दिवस सुट्टी ठरवून घेतली. फक्त ध्वजवाल्यांचे खांदे भरून येतात, त्यामुळे भालाफेकवाले नकोत तिकडे 😀 आणि पिक्चर म्हणाल तर चिल्ड्रन ऑफ हेवन. मजीद मजिदीचा, इराणी, 1997. त्यातल्या पोराला रेसमध्ये तिसरंच यायचंय कारण तिसऱ्या नंबरला बक्षीस बूट आहेत, बहिणीसाठी. आणि चुकून पहिला येतो आणि रडतो. टॅक्टिक्स म्हणून दाखवा सर, हीटमध्ये उगाच पहिलं येण्यासाठी जीव काढू नये हे आमच्या सरांनी यावरूनच सांगितलं होतं.


आठवी_लेन:

हीटचं टॅक्टिक्स म्हणून मजिदी! हे भारी आहे. पण बरोबर आहे.


जिमखाना_सर:

मंडळी, मनापासून आभार. ताशाबाई, ध्वजाची आयडिया उद्याच लावतो, माझा एक 110 हर्डलवाला ढोल सोडायला तयार नाही पण ताशा म्हटलं तर येईल, त्याला आवाजाशी मतलब आहे.

असं ठरवतोय. पहिल्या शनिवारी पानसिंग, पूर्ण, बंदुकांसकट, आठवी लेनचं म्हणणं पटलं. दुसऱ्या शनिवारी टोकियोमधला चाडवाला आणि मॅरेथॉन, आणि त्याला जोडून साबळे आणि बाबर, म्हणजे 1964 आणि आत्ताचं एका बैठकीत. बिकिलाचा चेहरा आणि साबळेचा चेहरा शेजारी शेजारी बघायला मलाच मजा येईल. तिसऱ्याला मॅकफार्लंड, कारण आमच्या क्रॉसकंट्रीच्या पाचव्या पोराला तो बघायची फार गरज आहे, तो चौथ्या किलोमीटरला चालायला लागतो. चौथ्याला लताबाई, त्या दिवशी पालकांनाही बोलावतो. मिल्खा झोन झाल्यावर, बक्षीस म्हणून, तेव्हा हवे तेवढे टायर बांधा. चिल्ड्रन ऑफ हेवन मी आधी घरी बायको-मुलांबरोबर बघणार आहे.

मुसाबिनीचा पिक्चर राहिला याचं वाईट वाटतंय, पण तेवढा एक सीन मोबाइलवर दाखवीन रिलेच्या पोरींना, त्या ऐकतात माझं.


लॉ_कॉलेज_रोडवाला:

मोबाइलवर नका दाखवू हो सर, त्या हॅटचा अपमान आहे तो. चार मिनिटं लागतील, मॅकफार्लंडच्या आधी मोठ्या पडद्यावर लावा.


नगरी_कोच:

आणि सेमिनार हॉलच्या प्रोजेक्टरला तुमच्या लॅपटॉपची वायर बसते का ते शुक्रवारीच बघून ठेवा. आमच्याकडे पोरं पाऊण तास बसून होती आणि शिपाईमामा वायर आणायला गावात गेले होते.